अठ्ठ्याऐंशी दिवे आणि मेन स्विचवरचा हात

दरवर्षी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आकाशात दोन निळसर खांब उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता विरून जातात. नाव ‘ट्रिब्यूट इन लाइट’; २००१च्या हल्ल्यात कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांची आणि त्यात गेलेल्यांची आठवण. फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. आमच्या, म्हणजे कार्यक्रमांच्या प्रकाशयोजनेच्या धंद्यातला माणूस मात्र तो फोटो पाहून आधी हळवा होत नाही. तो विचारतो, लोड किती, वीज कुठून घेतली, आणि रात्री काही बिनसलंच तर मेन स्विचवर हात कुणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मिळवण्यासाठी माणसांना गच्चीवर उताणं पडून पक्षी मोजावे लागले. हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्या तिसऱ्या प्रश्नापायी.

एक कल्पना, तीन दारं

ही कल्पना कुणा एकाची नाही. ज्युलियन लाव्हर्डिएर आणि पॉल मायोडा हे दोघे कलावंत हल्ल्यापूर्वी उत्तर मनोऱ्याच्या ९१व्या मजल्यावरच्या स्टुडिओत काम करत होते. हल्ल्यानंतर त्यांनी मनोऱ्यांच्या जागी उभ्या असलेल्या दोन झोतांचं चित्र तयार केलं आणि ते २३ सप्टेंबर २००१च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर आलं. जॉन बेनेट आणि गुस्ताव्हो बोनेव्हार्डी या वास्तुविशारदांनी स्वतंत्रपणे जवळपास हेच सुचवलं होतं. रिचर्ड नॅश गूल्ड हा आणखी एक वास्तुविशारद हीच गोष्ट घेऊन म्युनिसिपल आर्ट सोसायटीकडे गेला होता. सोसायटी आणि ‘क्रिएटिव्ह टाइम’ या दोन संस्थांनी या सगळ्यांना एकत्र आणलं आणि प्रकाशयोजनेसाठी पॉल मॅरँट्झ यांना जोडलं. सहा जणांची नावं एका कामावर आली आणि काम तरीही उभं राहिलं, हे मला दिव्यांइतकंच नवलाचं वाटतं. ‘आधी मला सुचलं होतं’ या एका वाक्यापायी किती कामं बैठकीतच मेली, हे ज्यानं दोन-चार समित्या पाहिल्यात त्याला सांगायला नको.

पहिली दुरुस्ती आली ती नावात. सुरुवातीचं नाव ‘टॉवर्स ऑफ लाइट’ होतं. गेलेल्यांच्या घरच्यांना ते खटकलं. त्यात इमारतींची आठवण होती, माणसांची नव्हती. नाव बदललं. एकही दिवा जागचा हलला नाही, पण कामाचा मालक कोण हे त्या दिवशी ठरलं. डिझाइनरला वाटत असतं की काम आपलं आहे.

११ मार्च २००२ला, हल्ल्याला सहा महिने झाले त्या संध्याकाळी, झोत पहिल्यांदा पेटले. बटण दाबलं ते बारा वर्षांच्या एका मुलीनं. तिचे वडील पोर्ट अथॉरिटीच्या (बंदरं-विमानतळ सांभाळणाऱ्या संस्थेच्या) पोलिसांत होते आणि त्या दिवशी परतले नव्हते. झोत एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज संध्याकाळी लागत राहिले. एवढंच करायचं असं तेव्हा ठरलं होतं. पुढच्या वर्षापासून मात्र ते ११ सप्टेंबरचं वार्षिक काम झालं, आणि २०१२पासून सोसायटीकडून त्याची जबाबदारी मनोऱ्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ९/११ स्मारक-संग्रहालयाकडे गेली.

सामान

८८ झेनॉन सर्चलाइट, प्रत्येकी ७,००० वॅटचा. त्यांचे ४४-४४चे दोन चौकोन, चौकोनाची बाजू ४८ फूट. पुढे ही मांडणी स्मारकाच्या दक्षिणेला असलेल्या एका पार्किंग इमारतीच्या गच्चीवर होऊ लागली. नुसत्या दिव्यांचा हिशेब ६१६ किलोवॅट. झेनॉनला डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज लागते, म्हणून प्रत्येक दिव्यामागे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आला, त्याचा तोटा आला, पंखे आले, आणि पेटतानाचा झटका आला. जनरेटर मागवताना ६१६ या आकड्यावर कुणी शहाणा थांबणार नाही. आपल्याकडे मिरवणुकीच्या गाडीमागे १२५ केव्हीएचा जनसेट धडधडत असतो, तसे किती लागतील याचा अंदाज वाचकानंच करावा.

लोकांना वाटतं, चौकोन मूळ मनोऱ्यांच्या मापाचे असतील. तसं नाही. मनोऱ्यांची बाजू सुमारे ६३ मीटर होती आणि दिव्यांच्या चौकोनाची साडेचौदा. मनोरे ज्या जागी होते तिथेही हे दिवे नाहीत. तरी डोळ्याला ते मनोरे वाटतात, कारण ते दोन आहेत, शेजारी आहेत आणि अफाट उंच आहेत. झोत आकाशात चार मैल, म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर जातात असं संग्रहालय सांगतं आणि साठ मैलांवरून ते दिसतात. मापाची नक्कल सोडून त्यांनी फक्त ठेवण राखली. मला या डिझाइनमधला हा सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

‘आता एलईडीनं का नाही करत?’ असं नवी मुलं हमखास विचारतात. झोत इतका बारीक आणि इतका लांब न्यायचा तर उगम जवळजवळ बिंदूएवढा हवा. झेनॉनच्या बल्बमध्ये दोन इलेक्ट्रोडांच्या मधल्या काही मिलिमीटरच्या फटीत सगळा प्रकाश तयार होतो. ती फट पॅराबोलिक आरशाच्या नाभीत नेमकी बसवली की किरण जवळपास समांतर निघतात. एलईडीत तेवढाच प्रकाश मिळवायचा तर चिपा पसराव्या लागतात, आणि उगम पसरला की झोतही पसरतो. या बल्बचा त्रासही तेवढाच. क्वार्ट्झच्या त्या नळीत थंड असतानाही वायू दाबाखाली भरलेला असतो. बदलायचा तर तोंडावर शील्ड, हातात जाड मोजे, आणि काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट डाग राहिला तर तिथेच काच जास्त तापते आणि बल्ब फुटतो. बल्ब फुटला म्हणजे काय, हे पाहिलेला तंत्रज्ञ पुन्हा कधी मोजे विसरत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. आपल्याला दिसतो तो ‘झोत’ नसतोच. दिसते ती हवेतली धूळ, बाष्प, किडे. अगदी स्वच्छ रात्री हे खांब फिके असतात, थोडं धुरकट असलं की उजळतात. म्हणजे बजेटमधला सगळ्यात मोठा घटक, हवा, आयोजकाच्या हातात नाही.

नेम धरणं

दिवा बसवणं हे हमालीचं काम. खरं काम नेम धरण्याचं. हिशेब करून पाहा: साडेसहा किलोमीटरच्या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे झोताचा शेंडा सुमारे ११० मीटर बाजूला. अख्ख्या मूळ मनोऱ्याची रुंदी ६३ मीटर होती. एकच दिवा एक अंश कलला तर वर जाऊन तो मनोऱ्याबाहेर पडतो, आणि ८८ झोतांतला एक वाकडा झोत दहा मैलांवरच्या पोराच्याही डोळ्यात येतो. अंशाचा काही दशांश भाग एवढीच मोकळीक.

आणि ती चूक दिव्याशेजारी उभं राहून दिसत नाही. खालून मान वर केली की सगळे झोत एका बिंदूत मिळताना दिसतात, रेल्वेचे रूळ दूर जाऊन मिळतात तसे. (दरवर्षी कुणीतरी विचारतंच, हे वर एकमेकांना का टेकतात? टेकत नाहीत. डोळा टेकवतो.) म्हणून पाहणारा माणूस लांब हवा, आणि एक पुरत नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीतून सरळ दिसणारा झोत ब्रुकलिनमधून कललेला असू शकतो, कारण तो जर्सीवाल्याच्या नजरेच्या रेषेतच पुढे-मागे झुकलेला असतो. निदान दोन काटकोनी दिशांना माणसं, हातात वॉकीटॉकी, आणि गच्चीवर स्क्रू फिरवणारा एक जण. ‘अजून जरा... जरा... गेला पुढे, मागे घे.’ हे संभाषण जगात कुठेही एकाच सुरात चालतं. ८८ वेळा. अंधार पडल्यावरच करता येतं, त्यामुळे आधीच्या रात्री यातच जातात. शहरावर तीन मोठ्या विमानतळांची वाहतूक चालू असते, त्यामुळे विमान वाहतुकीच्या यंत्रणेला कळवणं हाही कामाचाच भाग. आपल्याकडे हा मुद्दा आता कुठे ध्यानात येऊ लागलाय; पुण्यात २०२४च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेझर झोतांना मनाई केली, त्याआधी कित्येक वर्षं शार्पी (बारीक झोताचे फिरते दिवे) आणि लेझर आकाशात कुठेही नाचवले जात होते आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर नव्हती.

न बोलावलेले पाहुणे

इथवरचं सगळं चांगल्या व्यवस्थापनाचं उदाहरण म्हणून शिकवता येतं. पेच पुढे आहे.

पहिला प्रयोग मार्च-एप्रिलमध्ये झाला. न्यूयॉर्कवरून उत्तरेकडे जाणाऱ्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांचा मोठा लोंढा वसंतात एप्रिलअखेर आणि मे महिन्यात येतो. परतीचा लोंढा ऐन भरात असतो तो सप्टेंबरात. म्हणजे तारीख मार्चवरून ११ सप्टेंबरवर गेली, तेव्हा दिवे तेच राहिले पण आकाश बदललं. आणि ही तारीख हलवता येत नाही. आपण पावसाचा अंदाज पाहून कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलतो. या कामात ती सोय मुळातच नाही.

हे पक्षी रात्री उडतात. वॉर्बलरसारखे, मुठीत मावतील एवढे. दिशा धरायला त्यांना तारे लागतात आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र लागतं. तेजस्वी झोतात शिरले की त्यांची दिशा हरवते; ते झोताच्या आत गोल गोल फिरतात, सतत ओरडत राहतात, आणि शेकडो मैलांसाठी साठवलेली चरबी एकाच चौकात जाळून टाकतात. खाली आले तर आजूबाजूला काचेच्या इमारती. फोटोंत झोताच्या आत कागदाचे चमचमते कपटे उडताना दिसतात ना, त्यातले पुष्कळसे कपटे पक्षी असतात. पाहणाऱ्यांतल्या कित्येकांना ते सुंदर वाटतं. सुंदर दिसतंच ते, आणि अडचण तीच आहे.

उभ्या झोताचा हा गुण नवा नव्हता. ढगांची उंची मोजण्यासाठी विमानतळांवर सीलोमीटर नावाचे उभे झोत असायचे. ऑक्टोबर १९५४मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स हवाई तळावर अशाच एका झोतापाशी एका रात्रीत सुमारे ५०,००० पक्षी मेले. पक्षी अभ्यासकांना हे माहीत होतं. प्रकाशयोजनेच्या पुस्तकांत ते नव्हतं. आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे: शेजारच्या विषयात जे पन्नास वर्षांपूर्वी छापून आलं, ते आम्हाला साइटवर कळतं.

न्यूयॉर्कची ऑडुबॉन (२०२४पासून ‘एनवायसी बर्ड अलायन्स’) ही पक्षिसंस्था सुरुवातीपासून या झोतांवर लक्ष ठेवून होती. तिच्यात आणि आयोजकांत जी पद्धत ठरली ती अशी. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पक्षी जाणणारी माणसं गच्चीवर हजर राहतात. पाठीवर पडून, दुर्बीण वर रोखून, ती झोतांतले पक्षी मोजतात. आकडा हजाराच्या वर गेला, किंवा पक्षी फार खाली येऊन घोटाळू लागले, की सगळे ८८ दिवे बंद. वीस मिनिटं. मग पुन्हा चालू.

या चार ओळींमागे काय आहे ते पाहण्यासारखं आहे. अख्खा देश ज्या रात्री त्या खांबांकडे पाहतोय, त्या रात्री ते विझवायचे. कारण काय, तर चिमण्या. गेलेल्यांच्या नातेवाइकांना, टीव्हीवाल्यांना, प्रायोजकांना हे त्या क्षणी समजावत बसलं असतं तर कुणीच हो म्हणालं नसतं. म्हणून वाद आधी, दिवसाउजेडी मिटवला आणि रात्रीसाठी फक्त एक आकडा ठेवला. हजार. आकड्याशी वाद घालता येत नाही. ‘खूप झालेत हो पक्षी’ याच्याशी घालता येतो. अंधाराला मुदतही आधीच दिलेली होती. ‘बंद करा’ म्हटलं की आयोजकाच्या पोटात गोळा येतो, ‘वीस मिनिटं बंद करा’ म्हटलं की तो घड्याळ पाहतो. आणि मोजणारा बाहेरचा आहे. त्याला चांगल्या फोटोची हाव नाही आणि कुणाकडून बिल वसूल करायचं नाही.

इथे झेनॉनची एक बाजू आपोआप उपयोगी पडली. मेटल हॅलाइड या दुसऱ्या जातीचा दिवा एकदा विझवला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, वर रंग जागेवर यायला आणखी काही. तो दिवा असता तर वीस मिनिटांचा अंधार पाऊण तासाचा झाला असता, आणि मला नाही वाटत मग कुणी तो मान्य केला असता. झेनॉन गरम असतानाही लगेच पेटतो. दर वेळी पेटवताना इलेक्ट्रोड थोडा झिजतो, बल्बचं आयुष्य कमी होतं. तो खर्च सोसायचा. दिवा निवडला झोतासाठी, पण विझवणं परवडलं तेही त्याच निवडीमुळे. तेव्हापासून मी फिक्स्चर (दिव्याचा अख्खा संच) निवडताना ते किती लवकर पेटतं याच्याबरोबर किती सहज विझवता येतं हेही विचारतो. विक्रेते गोंधळतात.

२०१०ची रात्र वाईट होती. वारा आणि हवामान असं जुळलं की पक्ष्यांचा मोठा लोंढा नेमका त्याच संध्याकाळी निघाला. अंदाजे दहा हजार पक्षी झोतांत अडकले आणि दिवे पाच वेळा विझवावे लागले. इतर काही वर्षी एकदाही नाही. तारीख तीच, सामान तेच, माणसं तीच.

आकडे आणि त्यांचं वाचन

बंद-चालूच्या या पद्धतीमुळे आपोआप एक प्रयोगशाळा तयार झाली. तीच जागा, तीच रात्र, कधी झोत आहे, कधी नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेच्या आणि इतर संशोधकांनी २००८ ते २०१६ या काळातल्या सात रात्रींचे हवामान रडार तपासले, आवाज ध्वनिमुद्रित केले, प्रत्यक्ष निरीक्षणं जोडली. २०१७मध्ये त्यांचा निबंध आला. सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांवर झोतांचा परिणाम झाला. झोतांभोवती पक्ष्यांची दाटी आसपासच्या वीसपटीपर्यंत गेली. आणि दिवे विझले की हे सगळं काही मिनिटांत ओसरलं: पक्षी पांगले, ओरडणं कमी झालं, वाटेला लागले.

बातम्यांत ‘११ लाख’ मोठ्या अक्षरात आले आणि पुष्कळांनी ते मेलेले पक्षी समजले. निबंधात ‘परिणाम झालेले’ आहे. हा फरक आयोजकाला माहीत हवा, नाहीतर पत्रकार परिषदेत तोंड उघडता येत नाही. त्याच शहरात काचांवर आपटून वर्षाला ९०,००० ते २,३०,००० पक्षी मरतात असा ऑडुबॉनचाच अंदाज आहे, आणि त्या काचांना कुणी वीस मिनिटं बंद करत नाही. मग एका रात्रीच्या दिव्यांचा एवढा बाऊ का? मला वाटतं, कारण हा स्विच आपल्या हातात आहे. काचेचा नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हजाराचा आकडा डोळ्यांनी मोजलेला आहे. गच्चीवरून दुर्बिणीत खालच्या थरातले पक्षी दिसतात. रडारमध्ये मात्र चार किलोमीटर उंचीपर्यंत पक्ष्यांचं वागणं बदललेलं दिसलं. म्हणजे मोजणाऱ्याला पाचशे दिसत असताना वर आणखी कितीतरी घिरट्या घालत असणार. रडार आता जवळपास लगेच वाचता येतं. ते पाहून उंबरठा ठरवायला हवा असं माझं मत. पण आकडा बदलायचा तर ती बैठक पुन्हा बसवावी लागेल, आणि एकदा जमलेला समझोता उकरून काढायला आयोजक का तयार होत नाहीत, हेही मला समजतं.

२०२०

त्या वर्षी ऑगस्टच्या मध्यात संग्रहालयानं जाहीर केलं की झोत लागणार नाहीत. कारण पक्षी नव्हते, कोविड होता: इतक्या मोठ्या कामगारवर्गाला दाटीवाटीनं काम करायला लावणं धोक्याचं. त्याऐवजी शहरातल्या इमारतींचे दर्शनी भाग आणि शिखरं निळ्या रंगात उजळायची असं ठरलं. लोक खवळले. दुसऱ्या एका संस्थेनं ‘आम्ही लावतो’ म्हटलं. दोन-तीन दिवसांत निर्णय फिरला. आरोग्याच्या देखरेखीसाठी राज्यानं माणसं देऊ केली आणि झोत लागले.

गंमत पाहा. पक्ष्यांसाठी एका रात्रीत पाच-पाच वेळा अंधार करायची तयारी असलेल्या संस्थेला कामगारांसाठी एक वर्ष अंधार ठेवता आला नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आकडा, मुदत आणि मोजणारा आधी ठरलेला होता. साथीच्या बाबतीत त्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. जे ठरलं ते वर्तमानपत्रांसमोर ठरलं, आणि म्हणून फिरलं. काम अखेर सुरक्षितपणे करण्याची सोय निघाली हे बरंच झालं, पण ती घोषणेआधी निघायला हवी होती.

आमच्या कामाच्या रनशीटवर (कधी काय आणि कुणी करायचं त्या कागदावर) मी काही वर्षांपूर्वी एक ओळ वाढवली: ‘बंद करण्याचा अधिकार’, पुढे नावाची मोकळी जागा, फोन नंबर, आणि ‘कशावरून’ व ‘किती वेळ’ अशा दोन चौकटी. पहिल्यांदा तो कागद एका मंडळाच्या बैठकीत फिरवला. बाकी सगळं भरून आलं. त्या ओळीवर एकानं नाव लिहिलं, दुसऱ्यानं खोडून अध्यक्षांचं लिहिलं, अध्यक्षांनी खोडून माझं लिहिलं. ‘कशावरून’ आणि ‘किती वेळ’ या चौकटी तशाच कोऱ्या होत्या. मी कागद परत फिरवला.